डागांचें मार्जन

मराठी भाषेंत ‘डाग’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. पांढऱ्या धोतरावर हळद सांडली तर तो डाग. घरांतील पेटींत जपून ठेवलेलें सोनें तेंही डाग-डागिने. आणि बैलाचा पाय आंखडला म्हणजे खेड्यांतील जाणता मनुष्य तापलेल्या लोखंडानें जो चटका देतो, तोही डागच. मल, अलंकार आणि औषध या तीन दूरदूरच्या वस्तु एका शब्दाच्या छपराखालीं कशा आल्या, हें व्युत्पत्तिशास्त्राकडे सोंपवूं. परंतु तिसऱ्या अर्थापाशीं मन थोडें घोटाळतें. बैल बरा होतो, पुन्हा नांगराला चालूं लागतो. पण कातड्यावरची ती खूण जन्मभर जात नाहीं. डाग देणाराचा हेतु चांगला, उपायही कदाचित् लागू पडलेला. तरी डाग तो डागच. तेव्हां हेतु शुद्ध असला म्हणजे कृतीचा डाग धुतला जातो काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे. आणि तो आम्हांस कोणत्याही ग्रंथांत भेटला नसून, आमच्या जिल्ह्यांतील दोन भिंतींपुढें उभें राहिलों असतां सुचलेला आहे.

पहिली भिंत अगदीं गांवांतली. छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, पाहुणा आला कीं त्याला बीबी का मकबरा दाखवावा लागतो, आणि पाहुण्याचा अभिप्रायही बहुधा ठरलेला असतो: “ताजमहालासारखा आहे खरा, पण काळवंडला आहे!” औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ सालीं वारली, तिच्या स्मरणार्थ ही इमारत १६६०-६१ च्या सुमारास पुरी झाली. तिचा शिल्पकार अताउल्ला. ताजमहालाचा शिल्पकार म्हणून ज्याचें नांव घेतात, त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. बाप आणि मुलगा यांच्या कामांतील अंतर मात्र केवळ प्रतिभेचें नव्हतें, पैशाचेंही होतें. मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याचें गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’ ग्रंथांत नमूद असल्याचें सांगतात. इतक्या पैशांत सारी इमारत संगमरवराची होणें शक्य नव्हतें. म्हणून घुमट संगमरवरी केला, भिंतींना खालचा पट्टा संगमरवरी दिला, आणि मधला भाग आमच्याच डोंगरांतील काळ्या दगडानें बांधून त्यावर घोटीव चुन्याचा शुभ्र गिलावा चढविला.

ज्या दिवशीं काम पुरें झालें त्या दिवशीं दुरून पाहणारास चुना कोणता आणि संगमरवर कोणता हें सांगतां आलें नसेल. पुढें साडेतीनशें वर्षांच्या पावसाळ्यांनीं तें सांगितलें. चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी मुरतें, तेथें शेवाळ आणि बुरशी धरते, उन्हाळ्यांत ती वाळून काळी पडते, आणि पुढच्या मृगांत पुन्हा हिरवी होते. संगमरवरही मळतो, पण इतका नव्हे. म्हणजे ज्याला पाहुणा काळिमा म्हणतो, तो एका अर्थीं त्या इमारतीचा प्रामाणिक साक्षीदार आहे. एकाच शुभ्रतेनें झांकलेला दोन द्रव्यांचा भेद त्यानें उघड केला.

परंतु या भिंतीपुढें आम्हांस नीतीचा मोठासा पेंच पडत नाहीं. चुना हें भिंतीचें वस्त्र आहे. तें मळावयाचें आणि बदलावयाचें, हें त्याच्या धर्मांतच आहे. आमच्या आजीच्या देवघरांतील कोनाडा समईच्या काजळीनें वर्षभर काळा होई, आणि दिवाळीपूर्वीं त्यावर चुन्याचा हात फिरे. आजीनें काजळीचा कधीं तिरस्कार केला नाहीं, आणि ती झांकतांना कधीं हळहळही केली नाहीं. दिवा लावणें हा जसा धर्म तसा चुना देणें हाही धर्म. मकबऱ्याच्या गिलाव्याचेंही तसेंच. तो धुवावा, जेथें फुगला असेल तेथें काढून नवा करावा. फक्त चुन्याच्या जागीं चुनाच द्यावा. सिमेंट दिल्यास आंतील ओल कोंडते, क्षार फुटून वर येतात, आणि जुना डाग घालवितांना नवा डाग जन्मास येतो. येथें प्रश्न आहे तो दक्षतेचा व पैशाचा, सदसद्विवेकाचा नव्हे.

दुसरी भिंत शहरापासून शंभरएक किलोमीटर दूर, अजिंठ्यास आहे. आणि तेथें गेल्यावर आजीचा हा सोपा न्याय अपुरा पडतो. कारण तेथें वस्त्र आणि देह वेगळे नाहींत. खडबडीत कातळावर माती, तूस व गवताचे तंतु कालवून केलेला लेप. त्यावर पांढऱ्या द्रव्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर त्यावर पिवडी, गेरू, हिरवी माती, काजळी, आणि दूर बदकशानहून आलेला लाजवर्द यांचे, सरसासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग, अशी ती चित्रें आहेत. त्यांतील बहुतेक पांचव्या शतकांतील, वाकाटकांच्या काळचीं. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील कांहीं तर त्याहूनही कित्येक शतकें जुनीं. हा रंग उडाला तर तो पुन्हा देणारा हात नाहीं. आजीचा चुना येथें चालत नाहीं.

या चित्रांवर डाग तरी किती प्रकारचे पडले! डोंगरांतून झिरपणाऱ्या पाण्याचे डाग, वटवाघळांच्या विष्ठेचे डाग, गुहांत मुक्काम केलेल्या गोसाव्यांच्या धुन्यांची काजळी. हे निसर्गाचे व सहज वावराचे डाग झाले. त्यांत कोणाचा हेतु नाहीं, म्हणून त्यांत पापपुण्यही नाहीं. मग अहंकाराचा डाग आला. १८१९ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज अधिकारी शिकारीस आला असतां त्यास हीं लेणीं दिसलीं. आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावरील चित्रित आकृतीवर त्यानें आपलें नांव व तारीख खरडून ठेविली. गंमत ही कीं, आज वाटाडे तो ओरखडा पाहुण्यांस मुद्दाम दाखवितात. तेंच आज कोणी तरुण करील तर १९५८ च्या पुराणवास्तु-कायद्याप्रमाणें व त्याच्या २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. दोनशें वर्षें लोटलीं म्हणून स्मिथचा अपराध अपराध राहिला नाहीं असें नाहीं. फक्त तो आतां इतिहासाच्या दप्तरांत गेला आहे, आणि दप्तरांतील कागद खोडावयाचा नसतो.

या सर्वांहून निराळा असा एक डाग तेथें आहे, आणि आमचा प्रश्न त्याच्याविषयीं आहे. तो प्रेमाचा डाग होय.

वाघोरा नदीच्या पात्रांतील गोटा पाण्यांत असतां कसा तांबूस, निळसर, रेघारेघांचा दिसतो, हें लहानपणीं कोणी पाहिलें नाहीं? तोच गोटा घरीं आणून वाळला म्हणजे फिका, भुरा होतो, आणि मूल हिरमुसतें. कारण साधें आहे. कोरड्या, खडबडीत पृष्ठावर प्रकाश चोहोंकडे विखुरतो व रंगांत पांढुरकेपणा मिसळल्यासारखा दिसतो. पाणी त्या बारीक खांचा भरून काढतें, विखुरणें कमी होतें, आणि रंग खोल वाटतो. अजिंठ्याचीं चित्रें हा असा वाळलेला गोटा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या शिष्यांसह तेथें राहून चित्रांच्या नकला केल्या. अंधारांत मळलेल्या भिंतीवरचा रंग स्पष्ट दिसावा म्हणून चित्रांवर वार्निश चढविण्यांत आलें. गोटा कायमचा ओला झाला. रंग उमलले, रेषा उठून दिसल्या, नकला झाल्या. पण वार्निश हें पाणी नव्हे. हवा आणि प्रकाश लागून तें पिवळें, मग तपकिरी होतें. आकसतें, आणि आकसतांना खालच्या रंगाचे पोपडे ओढून काढतें. धूळ धरून ठेवतें, आणि भिंतीची ओल बाहेर पडूं देत नाहीं. पांढरें पिवळट दिसूं लागतें; बदकशानचें निळें हिरवट दिसूं लागतें. आणि ज्या नकलांसाठीं हें सारें केलें, त्यांतील पुष्कळ लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांत १८८५ सालीं लागलेल्या आगींत जळाल्या. त्यापूर्वीं रॉबर्ट गिल या अधिकाऱ्यानें वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ सालीं तेथील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत भस्म झाल्या होत्या. नकला गेल्या, वार्निश मात्र भिंतीवर राहिलें.

पुढें लेणीं निजाम सरकारच्या पुराणवस्तु-खात्याकडे आलीं. गुलाम याझदानी हे त्या खात्याचे विद्वान् प्रमुख. त्यांच्या काळीं, १९२० ते १९२२ च्या दरम्यान, इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन कुशल कारागीर आणविले गेले. भिंतीपासून सुटूं लागलेला गिलावा त्यांनीं पुन्हा धरविला. तो त्या वेळीं धरविला नसता तर आज आपण पाहतों त्यांतील किती चित्रें उरलीं असतीं याची शंका वाटते. परंतु त्यांनींही चित्रांवर चपड्याचा लेप दिला. आपले सुतार लाकडाला पॉलिश करतांना वापरतात तोच लाखेचा चपडा. तोही कालान्तरानें काळवंडला. म्हणजे ज्यांनीं चित्रें वांचविलीं, त्यांनींच त्यांच्यावर डाग ठेविला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ कापसाच्या बोळ्यानें, द्रावणांच्या साहाय्यानें, तळहाताएवढ्या जागेवर दिवस खर्चीत, या थरांखालचे रंग हळूहळू मोकळे करीत आले आहेत.

येथें एक कबुली देणें आम्हांस भाग आहे. विद्यार्थिदशेंत आम्हीं जो अजिंठा प्रथम पाहिला तो तपकिरी होता. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीच्या भोंवतीं जो एक सांजवेळचा, मधासारखा काळोख होता, त्यानें आम्ही भारून गेलों. पुढें प्राध्यापक झाल्यावर सौंदर्यविचाराच्या तासाला आम्हीं वर्षानुवर्षें सांगत आलों कीं, हा मावळता रंग चित्रकारानें जाणून निवडला आहे. करुणेला दुसरा रंगच नाहीं. मुलें तें वहींत उतरवून घेत. कांहींच्या डोळ्यांत पाणीही येई. कांहीं वर्षांनीं एका भिंतीवर साफ केलेला भाग आणि न केलेला भाग शेजारींशेजारीं पाहण्याचा योग आला. साफ केलेल्या भागांत पांढरें पांढरें होतें, निळें निळें होतें, आणि सांजवेळ कोठेंच नव्हती. आम्ही ज्याला करुणा म्हणून नमस्कार करीत होतों, तिच्यांत चपड्याचा वांटा किती होता, हें त्या क्षणीं ध्यानांत आलें. खरें सांगावयाचें तर प्रथम आनंद झाला नाहीं, राग आला. आपलें कांहीं हिरावून नेल्यासारखें वाटलें.

हा अनुभव आमचा एकट्याचा नव्हे. रेम्ब्रांटनें १६४२ सालीं रंगविलेलें एक मोठें चित्र जगांत ‘रात्रीचा पहारा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत रात्र नाहीं. वार्निश काळें पडल्यामुळें लोकांस ती रात्र वाटली. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र स्वच्छ झालें तरी नांव बदललें नाहीं. रोम येथील सिस्टाइन प्रार्थनामंदिरांतील मिकेलान्जेलोच्या चित्रांचें मार्जन १९८० ते १९९४ या काळांत झालें. मेणबत्त्यांच्या काजळीबरोबर तेथें सरसाचे थरही निघाले. तेही पूर्वीच्या जीर्णोद्धारकांनीं रंग उजळावेत म्हणून प्रेमानेंच दिलेले होते. मार्जनानंतर अनेक रसिक आमच्यासारखेच रागावले. डागावर प्रेम बसलें म्हणजे स्वच्छता ही विटंबना वाटूं लागते.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ग्रिफिथ्स दोषी काय? आम्हांस वाटतें, येथें दोन न्यायासनें निरनिराळीं मानलीं पाहिजेत. एक कर्त्याचें, दुसरें कृतीचें. कर्त्याच्या न्यायासनापुढें हेतूला मान आहे, त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेला मान आहे, उन्हातान्हांत घालविलेल्या वर्षांना मान आहे. तेथें ते निर्दोष सुटतील, आणि सुटावेत. परंतु भिंतीला हेतु वाचतां येत नाहीं. तिच्यापुढें फक्त वार्निश आहे. ‘भाव तसा देव’ हें देवापुढें खरें असेल. भिंतीपुढें तें खरें नाहीं. हेतूची शुद्धि कर्त्यास पापापासून मुक्त करते. वस्तूस डागापासून मुक्त करीत नाहीं. तें ऋण शिल्लक राहतें आणि वारसांनीं फेडावयाचें असतें. शंभर वर्षांनीं कापसाचा बोळा हातांत घेऊन बसणारा तज्ज्ञ हा अशा एका ऋणाचीच फेड करीत असतो.

मग प्रेमांत खोट ती कोणती? आमच्या मतें ती उतावीळपणाची. वाळलेला गोटा फिका आहे हें त्या मुलास सोसवत नाहीं. जें आवडतें तें आहे तसें मंद, अस्पष्ट, अर्धें राहूं देण्याचें धैर्य आपल्यांत नसतें. आपल्याला तें आज, आपल्या डोळ्यांपुढें, लखलखीत हवें असतें. आणि त्या एका हौसेपायीं पुढच्या शंभर वर्षांचे डोळे आपण उसने घेतों. हें केवळ चित्रांपुरतेंच नाहीं. थोर पुरुषांचीं चरित्रें आपण कशीं लिहितों? त्यांच्या हट्टावर, रागावर, चुकांवर भक्तीचें एक चकचकीत पूट देतों. पुस्तक प्रसिद्ध होतें त्या वर्षीं चरित्रनायक तेजस्वी दिसतो. दोन पिढ्यांनीं तें पूट पिवळें पडतें, आणि नातवंडांस खरा माणूस दिसेनासा होतो. दिवंगत वडिलांविषयीं मुलांशीं बोलतांना, किंवा आपल्या लाडक्या कवीविषयीं वर्गांत बोलतांना, आपण निराळें काय करतों?

कोणी म्हणेल, तर मग कांहींच करूं नये. रस्किननें १८४९ सालच्या आपल्या वास्तुविषयक ग्रंथांत जवळजवळ हेंच म्हटलें: जीर्णोद्धार म्हणजे असत्य, वास्तूची नीट निगा राखावी, आणि तिचा अंतकाळ आला तर तो सन्मानानें येऊं द्यावा. हा विचार उदात्त आहे, आणि उद्धट हातांना आंवर घालण्यास उपयोगीही आहे. परंतु ज्या भिंतीवरून गिलावा गळत आहे तिच्यापुढें हात बांधून उभें राहणें ही देखील एक कृतीच आहे. तिचाही हिशेब द्यावा लागतो. इटलीच्या त्या कारागिरांनीं हात बांधले असते तर आज चपड्याचा डागही नसता आणि चित्रही नसतें.

म्हणून आम्हांस जो मध्यम मार्ग दिसतो तो असा. करावें, पण जें आपल्यामागून येणारास उलटवितां येईल तेंच, आणि तितकेंच करावें, आणि काय केलें तें लिहून ठेवावें. पुराणवस्तूंचें रक्षण करणारे आज हा नियम मानतात, आणि त्यांत आम्हांस केवळ तंत्र दिसत नाहीं, विनय दिसतो. माझें ज्ञान अखेरचें नाहीं, माझ्यानंतर अधिक जाणणारा येईल, त्याचा मार्ग मीं बंद करूं नये, असें मनोमन मानल्याशिवाय हा नियम पाळतां येत नाहीं.

पण या नियमाचीच एक कठोर बाजू आहे. वार्निश चढविणें हें, अपार कष्टानें कां होईना, बव्हंशीं उलटवितां येतें. मार्जन उलटवितां येत नाहीं. बोळ्याबरोबर मूळ चित्रकाराच्या रंगाचा एखादा हलका हात पुसला गेला, तर तो कोणत्याही द्रावणानें परत येत नाहीं. तेव्हां ‘डाग लावणारे ते अज्ञानी, आणि धुणारे आम्ही ज्ञानी’ असा अभिमान बाळगण्यास मुळींच जागा नाहीं. धुणाराच्या हातूनही प्रेमाचाच अपराध घडूं शकतो, आणि तो अधिक अपरिहार्य असूं शकतो. आपल्या समाजांतही पूर्वजांचे डाग धुण्याचा उत्साह वेळोवेळीं येतो. त्या उत्साहांत डागाबरोबर पूर्वजही पुसले जात नाहींत ना, हें पाहणारे डोळे थोडे असतात.

यावर त्या कसबी लोकांनीं शोधलेली एक युक्ति आम्हांस फार शहाणपणाची वाटते. भिंत साफ करतांना एखाद्या कोपऱ्यांत लहानसा तुकडा मुद्दाम न धुतां ठेवण्याची पद्धत आहे. सिस्टाइनमध्येंही असे काळे तुकडे राखले आहेत. पाहणारास तो डाग वाटतो. वास्तविक ती साक्ष आहे: येथें पूर्वीं काय होतें, आम्हीं काय काढलें, आणि आमचें चुकलें असल्यास तुम्हांस पडताळून पाहण्यास हा आधार.

आमच्या जुन्या टिपणांच्या वहींत पद्मपाणीच्या त्या तपकिरी करुणेविषयींचें पान अजून आहे. तें फाडून टाकावें असें एकदां मनांत आलें होतें. तें आम्हीं फाडलें नाहीं. हल्लीं त्या तासाला आम्ही तें पान मुलांस जसेंच्या तसें वाचून दाखवितों. मग चपड्याची हकीगत सांगतों. आणि मग त्यांस म्हणतों कीं, आतां तुम्ही स्वतः जाऊन पाहा, आणि आम्ही आज सांगतों त्यांतही कोठें लेप आहे काय, तें आम्हांस येऊन सांगा.